शुगर वाढली, पण पोरीनं काही खाल्लंच नव्हतं



एप्रिलमधली गोष्ट आहे. आपल्याच एका गटातल्या ताईची बारा वर्षांची मुलगी सकाळच्या शाळेतून घरी आली. पाणी पाणी करत होती. ताईनं बोटातून रक्त घेऊन शुगर बघितली तर ३७०. शेजारी लग्नघर होतं, बुंदीचे लाडू वळणं चालू होतं. मग काय, सगळ्यांच्या डोक्यात एकच आलं. आजी म्हणाली, "चोरून खाल्लं असंन पोरीनं." पोरगी रडून रडून सांगत होती की नाही खाल्लं, पण कोणी ऐकेना. ताईनं कमरेच्या इन्सुलिन पंपाकडे बघितलं. त्यावर सगळं बरोबर दिसत होतं. बॅटरी होती, इन्सुलिन होतं, अलार्म नव्हता, सकाळपासूनचे डोस गेल्याचंही लिहिलेलं होतं. म्हणून तिनं पंपातूनच आणखी एक डोस दिला आणि कामाला लागली.

दोन तासांनी शुगर ४२० झाली आणि पोरीला उलटी झाली. कपडे बदलताना ताईला सलवारच्या नाडीपाशी ओलं लागलं, आणि दवाखान्यात येतो तसा वास आला. पंपाची नळी जिथे इन्सुलिनच्या कुपीला जोडतात, त्या जोडातून इन्सुलिन बाहेर गळत होतं. पोरीच्या अंगात सकाळपासून जवळपास काही गेलंच नव्हतं. त्या रात्री तिला दवाखान्यात ठेवावं लागलं. आता ती ठणठणीत आहे. पण आजीशी ती बरेच दिवस बोलली नाही, आणि तिचं मला काही चुकलं असं वाटत नाही.

ताईनं परवानगी दिली म्हणून हे लिहिते आहे, नाव मात्र देत नाही. आपल्या भागात पंप असलेली घरं थोडीच आहेत. बहुतेक जणी सिरिंज नाहीतर पेन वापरतात. पण गळती तिन्हीत होते, म्हणून ज्यांच्या घरी पंप नाही त्यांनीही शेवटपर्यंत वाचा. शेजारणीच्या घरी असेल तर तिला वाचून दाखवा.

आधी हे समजून घेऊ की लहान मुलांच्या मधुमेहात गळती एवढी घातक का असते. आपल्या सासूबाईंना किंवा नवऱ्याला जो मधुमेह असतो त्यात शरीर थोडंफार इन्सुलिन बनवत असतं. गोळी चुकली तर शुगर वाढते, पण सहसा लगेच जिवावर बेतत नाही. टाइप-१ मध्ये शरीर इन्सुलिन जवळजवळ बनवतच नाही. जे बाहेरून जाईल तेवढंच. ते थांबलं तर शरीर साखर वापरू शकत नाही, चरबी जाळायला लागतं आणि रक्तात कीटोन नावाचं आम्ल साठतं. पंपावरच्या मुलांना हा धोका जास्त लवकर येतो, कारण पंपात फक्त झटपट काम करणारं इन्सुलिन असतं. सिरिंजवाल्या मुलांना सहसा दिवसातून एकदा लांब टिकणारं इन्सुलिनही दिलेलं असतं, त्यामुळे अंगात थोडी शिल्लक असते. पंपवाल्याकडे शिल्लक नाही. इन्सुलिन जाणं थांबलं की तीन-चार तासांत अंगातलं संपतं, आणि त्यानंतर काही तासांतच उलट्या सुरू होऊ शकतात.

१९२२ सालच्या जानेवारीत कॅनडातल्या टोरांटोमध्ये लिओनार्ड थॉम्पसन नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा इन्सुलिन टोचलं गेलं. त्याच्या आधी अशी मुलं फार दिवस जगत नसत. म्हणजे या औषधाला शंभरच वर्षं झाली आहेत. अंगावर बाळगायचा पंप तर त्याहून नवा. १९६० च्या दशकात अमेरिकेतल्या डॉ. अर्नोल्ड कॅडिश यांनी बनवलेला पंप पाठीवर घ्यायच्या पिशवीएवढा होता. आता तो खिशात मावतो. काही पंप तर चिकटपट्टीसारखे थेट अंगावर बसतात, त्यांना बाहेरून दिसणारी नळीच नसते. यंत्र लहान झालं, पण नळी, जोड आणि रबर आहे तिथे गळती आहेच.

अलार्म का वाजत नाही?

ताईचा पहिला प्रश्न हाच होता. "एवढं महागाचं मशीन, मंग बोंबललं कावून नाही?"

याचं उत्तर शेतात मिळेल. तुमच्याकडे ठिबक आहे ना? मोटार चालू आहे, मीटर फिरतोय, हेडवर सगळं ठीक दिसतंय. पण मधेच कुठेतरी नळीचा जोड सुटला असेल तर पाणी बांधावर जातं आणि शेवटची झाडं सुकतात. मोटारीला ते कळत नाही. तिचं काम पाणी ढकलायचं, ते झाडाच्या मुळाशी पोचलं की नाही हे बघायला आपल्यालाच ओळीतून फिरावं लागतं. इन्सुलिन पंपाचंही तसंच आहे. आत एक छोटी मोटार कुपीचा दट्ट्या पुढे ढकलते. दट्ट्या किती पुढे सरकला यावरून पंप हिशेब करतो की इतकं युनिट दिलं. पंपावर जो आकडा दिसतो तो ढकललेल्या इन्सुलिनचा असतो. अंगात किती गेलं ते पंप मोजत नाही.

मग पंपाचा अलार्म कशासाठी असतो? नळी तुंबली तर. तुंबलं की मागे दाब वाढतो, दट्ट्याला जोर लागतो, ते पंपाला कळतं आणि तो ओरडतो. गळतीत उलटं होतं. दाब वाढतच नाही, दट्ट्या सहज पुढे जातो, पंप खूश. म्हणून गळतीचा अलार्म पंपाकडून फारसा येत नाही. काहींच्या दंडावर शुगर सतत मोजणारा सेन्सर असतो, तो शुगर चढते आहे एवढं सांगेल, का चढते आहे ते सांगणार नाही. ते शोधायचं काम घरच्या माणसाचं.

एक थेंब म्हणजे किती?

हा हिशेब मला स्वतःला माहीत नव्हता. कळला तेव्हा अंगावर काटा आला. तुम्हीही करून बघा.

पंपातलं आणि पेनमधलं इन्सुलिन बहुतेक करून १०० चं असतं. म्हणजे एका मिलीलीटरमध्ये १०० युनिट. औषधाच्या ड्रॉपरमधून एक मिलीलीटर टाकलं तर साधारण २० थेंब पडतात. म्हणजे एका थेंबात झाले पाच युनिट.

आता लहान मुलीला पंप दर तासाला समजा ०.४ युनिट देतो, जेवणाचे डोस वेगळे. चोवीस तासांचे झाले साडेनऊ-दहा युनिट. म्हणजे अख्ख्या दिवसाचं तिचं मूळ इन्सुलिन फक्त दोन थेंब! आणि एका तासाचं इन्सुलिन म्हणजे एका थेंबाचा बारावा भाग. ते गळून गेलं तर डोळ्यांना काय दिसणार? पुसदच्या मे महिन्यात तर ते कापडाला लागल्या लागल्या वाळून जाईल. त्यामुळे "मी बघितलं, ओलं नव्हतं" एवढ्यावर थांबू नका. हंडा गळल्यासारखी गळती शोधायची नाही. नुसता ओलसरपणा, चिकटपट्टीचा एक फुगलेला कोपरा, एवढंही पुरेसं असतं.

गळती कुठे शोधायची

सगळ्यात आधी मुलाचे हात साबणानं धुवून पुसा आणि शुगर परत मोजा. आंबा, ऊस, चिक्की हाताला लागलेली असेल तर बोटावरच्या साखरेनंच आकडा वाढून दिसतो. हे साधं आहे, पण कित्येकदा इथेच उलगडा होतो. दुसऱ्यांदाही शुगर जास्त आली तर मग नळीच्या मागे लागा.

वास हा पहिला पुरावा. इन्सुलिन टिकावं म्हणून त्यात जे रसायन घातलेलं असतं त्याला फिनाइलसारखा, दवाखान्यातल्या पट्टीसारखा वास येतो. एकदा नवीन कुपी भरताना मुद्दाम वास घेऊन ठेवा, म्हणजे ओळख पटते. मग शंका आली की पंपाच्या कप्प्याशी, जोडाशी आणि चिकटपट्टीशी नाक नेऊन बघा. सर्दी झाली असेल तर घरातल्या दुसऱ्या कोणाला सांगा. ताई म्हणते, तिच्या घरात सगळ्यात तेज नाक धाकट्या पोराचं आहे, आता तेच तिचं मशीन.

त्यानंतर कागद. पांढरा टिश्यू पेपर घ्या, नाहीतर जुन्या पांढऱ्या धोतराचा कोरडा धुतलेला तुकडा. आपले हातही कोरडे पाहिजेत. नळी आणि कुपीच्या जोडाभोवती तो गुंडाळून दाबा. मग नळीच्या पूर्ण लांबीवरून फिरवा, अंगावर जिथे नळी लागते आणि निघते त्या चापाभोवती दाबा, चिकटपट्टीच्या कडेनं दाबा. कागदावर डाग आला, ओल आली, वास आला, की सापडलं.

जागांचं म्हणाल तर कुपीपासून सुरुवात करा. कुपीच्या दट्ट्याला रबराच्या कड्या असतात. कुपी भरताना दट्ट्या तिरका ओढला किंवा रबराला काही लागलं तर इन्सुलिन कडीच्या मागे येतं. कुपी उजेडात धरली की ते दिसतं. पंपाचा कप्पा आतून ओला असेल तरी हेच समजायचं. मग येतो कुपी-नळीचा जोड, आपल्या ताईच्या पोरीचा झाला तो. हा जोड कमी फिरवला तर सैल राहतो आणि जास्त जोर लावला तर चिरतो. बसला की टक् असा आवाज येतो किंवा हाताला जाणवतं, ते ज्याच्या त्याच्या पंपावर शिकून घ्यायचं.

नळी सहसा टिकाऊ असते, पण आपल्या घरात तिचे वैरी बरेच. बाजेच्या सुतळीत अडकून ओढली जाते, दाराच्या कडीत अडकते, मांजरीला ती खेळणं वाटते. नळीत परत परत हवेचे बुडबुडे येत असतील तर कुठेतरी जोड सैल असण्याची शक्यता आहे. पण सगळे बुडबुडे गळतीचे नसतात. फ्रीजमधलं गार इन्सुलिन तसंच भरलं तर ते कोमट होताना बुडबुडे सुटतात. म्हणून भरायच्या आधी ते थोडा वेळ बाहेर काढून ठेवा.

सर्वात जास्त फसवणारी जागा म्हणजे त्वचा. चिकटपट्टीखाली एक मऊ बारीक नळी अंगात गेलेली असते, तिला कॅन्युला म्हणतात. ती थोडी बाहेर आली, वाकली किंवा तिच्या शेजारून इन्सुलिन परत वर आलं, तर ते पट्टीखालीच साठतं. वरून सगळं जागेवर दिसतं. पट्टी दाबल्यावर लिबलिबीत लागली, कडेनं उचकटली, तिच्याखाली पांढरट ओल दिसली किंवा नळीत रक्त दिसलं, तर ती जागा गेली असं समजा. नळी नसलेल्या पंपात तर बघायला एवढीच एक जागा उरते. त्याची पट्टी ओली लागली की वास घ्या. घाम असेल तर घामाचा येईल.

आणि इथे आपल्या बायकांच्या कपड्यांचा विषय येतो, जो कुठल्याच माहितीपत्रकात नसतो. परकराची नाडी, सलवारची नाडी, शाळेच्या स्कर्टचं घट्ट इलॅस्टिक, कापूस वेचताना कमरेला बांधलेली झोळी, हे सगळं नेमकं तिथेच आवळतं जिथे पोटावर पंपाची पट्टी असते. उन्हात घामानं पट्टी सुटते आणि नाडी तिला ओढते. पट्टी नाडीच्या चार बोटं वर किंवा खाली लावा, नाहीतर मांडीच्या बाहेरच्या बाजूला, डॉक्टरांना विचारून. एकाच जागी परत परत लावल्यानं कातडीखाली गाठी होतात. त्या दाबून बघा, रबरासारख्या लागतात. गाठीत इन्सुलिन नीट मुरत नाही आणि बाहेरही येतं. मुलं तीच जागा मागतात कारण तिथे दुखत नाही. त्यांचं ऐकू नका.

एक गोष्ट कधीही करायची नाही. नळी अंगाला जोडलेली असताना कुपीचा जोड सोडणं, घट्ट करणं किंवा नळी भरायचं बटण दाबणं. तसं केलं तर एकदम बरंच इन्सुलिन अंगात जाऊ शकतं आणि शुगर घसरून लेकरू बेशुद्ध पडू शकतं. आधी अंगावरचा चाप काढा, मग काय ते करा. चाप काढल्यावर नळी भरून बघता येते. टोकाशी थेंब लगेच आला आणि मधे कुठे ओल नाही, तर नळी बरी आहे. मग दोष त्वचेच्या जागेत असण्याची शक्यता जास्त.

सापडलं, आता पुढे?

नळीला चिकटपट्टी गुंडाळणं, फेविक्विक लावणं असले उपाय करू नका. सेट काढा, नवीन लावा, जागा बदला. गळती सापडली नाही पण शुगर २५० च्या वर आहे आणि पंपातून दिलेल्या डोसनं तासा-दोन तासांत खाली येत नाही, तरीही सेट बदला. अशा वेळी पुढचा डोस पंपातून देत बसू नका. तो पेननं किंवा सिरिंजनं द्या. आपल्या ताईचं चुकलं ते इथेच. ज्या नळीवर शंका घ्यायला हवी होती, त्याच नळीतून तिनं दुसरा डोस दिला. तिला हे आधी कोणी सांगितलंच नव्हतं, त्यामुळे तिला बोल लावण्यात अर्थ नाही.

किती युनिट द्यायचे हे मी लिहिणार नाही, दुसऱ्या कोणाचा आकडा तुम्हीही वापरू नका. डॉक्टरांकडून एक कागद आधीच लिहून घ्या: पंप बंद पडला तर कोणतं इन्सुलिन, किती, किती वेळानं. तो कागद देवघरात नको, इन्सुलिनच्या डब्यात ठेवा. आणि "इतके तास गळलं म्हणजे तेवढं सगळं परत देते" असा हिशेब घरी अजिबात करू नका. थोडं अंगात गेलेलं असतं, किती ते कोणालाच कळत नाही. वरून दिलेलं आणि आधीचं मिळून शुगर धाडकन खाली येऊ शकते. डोस दिल्यावर दर तास-दोन तासांनी मोजत राहा, जवळ साखर किंवा ग्लुकोज ठेवा.

सिरिंजबद्दल मात्र नीट लक्ष द्या, कारण गडबडीत इथेच चूक होते. सरकारी दवाखान्यातून मिळणारी इन्सुलिनची बाटली पुष्कळदा ४० ची असते, तिची सिरिंज लाल टोपणाची. पंपाचं इन्सुलिन १०० चं, त्याची सिरिंज नारिंगी टोपणाची. १०० चं इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये घेतलं तर तेवढ्याच रेघेवर अडीच पट इन्सुलिन जातं. दहा द्यायचे तर पंचवीस! ज्यांच्या घरी पंप आहे त्यांनी नारिंगी टोपणाच्या दोन सिरिंज वेगळ्या काढून ठेवा, आणि घरात दुसऱ्या कोणाची लाल टोपणाची सिरिंज असेल तर ती वेगळ्या डब्यात.

शुगर २५० च्या वर गेली की लघवीतले कीटोनही बघा. त्याच्या पट्ट्या मेडिकलमध्ये मिळतात. पट्टीवरचा रंग डबीवरच्या रंगांशी जुळवून बघायचा असतो. कीटोन बरेच दिसत असतील, पोटात दुखत असेल, उलट्या होत असतील, तोंडाला पिकलेल्या फळासारखा वास येत असेल, श्वास खोल आणि जोरात चालला असेल किंवा लेकरू गुंगीत असेल, तर घरी थांबू नका. यातली उलटी बघून आपल्याकडे पित्त म्हणतात, ऊन लागलं म्हणतात, दृष्ट काढतात. दृष्ट काढायला माझी हरकत नाही, पण १०८ ला फोन लावून मग काढा. पुसदच्या उपजिल्हा रुग्णालयात किंवा जवळ असेल त्या मोठ्या दवाखान्यात न्या. पुढे पाठवलं तर यवतमाळला वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे. दारात गेल्या गेल्या सांगा: "टाइप-१ आहे, पंपावर आहे, इन्सुलिन गळालं असावं, शुगर आणि कीटोन बघा." एवढं वाक्य पाठ करून ठेवा. घाईत नुसतं "उलट्या होताहेत" एवढंच तोंडातून निघतं.

आता पैशाचं. पंपाचा सेट दोन-तीन दिवसांनी बदलायचा असतो. पण सेट महाग, म्हणून तो पाच-सहा दिवस चालवणारी घरं आहेत, आणि मला त्यांचा राग येत नाही. सोयाबीनला भाव नसला की घरात काय काय पुढे ढकललं जातं ते आपल्याला माहीत आहे. पण जुना सेट गळण्याची, जागा सुजण्याची शक्यता दर दिवसाला वाढते, आणि दवाखान्यातली एक रात्र कित्येक सेटपेक्षा महाग पडते. परवडत नसेल तर सेट ताणण्यापेक्षा डॉक्टरांशी बोलून काही दिवस पेन-सिरिंजवर येणं जास्त सुरक्षित. त्यात कमीपणा काही नाही, हजारो मुलं त्यावर व्यवस्थित वाढतात. नागपुरात डॉ. शरद पेंडसे यांनी १९९५ साली ड्रीम ट्रस्ट सुरू केली, ती गरीब घरच्या टाइप-१ मुलांसाठीच. छत्रपती संभाजीनगरला उडान ही संस्था अशा मुलांसाठी काम करते. गटाच्या अंतर्गत कर्जातून शुगरच्या पट्ट्या घेतल्या तर तो बिनकामाचा खर्च समजू नये, असं मी प्रभागसंघाच्या सभेतही मांडणार आहे.

सेट शक्यतो सकाळी बदला, रात्री झोपताना नको. नवीन सेट नीट बसला नाही तर दिवसा दोन तासांनी मोजल्यावर कळतं. रात्री कळत नाही. खोक्यावरचा लॉट नंबर असलेला भाग फाडून फेकू नका. कधीकधी दोष कारखान्यातलाच असतो. २०१३ साली मेडट्रॉनिक कंपनीनं आपल्या पॅराडाइम पंपाच्या काही लॉटमधल्या कुप्या गळण्याची शक्यता आहे म्हणून परत मागवल्या होत्या. लॉट नंबर असेल तरच आपली कुपी त्यातली आहे का ते कळतं. शहरातल्या कोणी वापरलेला जुना पंप दिला असेल तर तो अंगावर लावायच्या आधी डॉक्टरांना दाखवा. कुपीच्या कप्प्याला तडा गेलेला असेल तर फुकटचा पंपही घेऊ नका.

पेन आणि सिरिंजवाल्यांनो

पेनमध्ये सगळ्यात जास्त गळती सुई लावून ठेवल्यानं होते. टोचून झालं की सुई तशीच पेनवर ठेवून टोपण लावायची सवय बऱ्याच जणींना आहे. आपल्याकडचा उन्हाळा म्हणजे पारा ४४-४५ ला. उन्हानं आतलं इन्सुलिन फुगतं आणि सुईतून थेंब थेंब बाहेर येतं, गार झालं की हवा आत जाते. मग पुढच्या वेळी पेन दहा दाखवतो आणि अंगात जातात सात-आठ. प्रत्येक वेळी सुई काढा. पुढच्या वेळी नवी सुई लावून आधी दोन युनिट हवेत सोडा. टोकाला थेंब दिसला की मग डोस फिरवा. पेन हातातून पडला असेल तर आतल्या काचेच्या कुपीला बारीक तडा गेला आहे का ते उजेडात बघा.

टोचल्यावर बटण दाबून धरून मनात एक ते दहा हळू मोजा आणि मग सुई काढा. सुई लगेच ओढली की कातडीवर थेंब उमटतो. एक थेंब किती युनिटचा ते वर वाचलंच आहे. ४० च्या बाटलीचा असेल तरी दोन युनिट गेलेच. असा थेंब रोजच दिसत असेल तर वरून अंदाजानं डोस वाढवू नका. टोचायची पद्धत आणि जागा आपल्या गावच्या सिस्टरला दाखवा. गाठीवर टोचलं जात असेल तरी असंच होतं.

फ्रीज नसलेल्या घरात इन्सुलिन मडक्यात ठेवतात, ते चांगलंच आहे. एका मडक्यात दुसरं लहान मडकं, मधे ओली वाळू, वर ओलं फडकं. बाटली किंवा पेन प्लास्टिकच्या कोरड्या डबीत घालून मगच आत ठेवा. डबी नसेल तर पेन बाहेरून ओला होतो, आणि मग ती ओल मडक्याची की इन्सुलिनची हे कळायला मार्ग राहत नाही.

पुढच्या मासिक सभेला ती ताई येणार आहे. सुई काढलेला एक जुना सेट आणि थोडंसं इन्सुलिन लावलेला कापूस ती सोबत आणेल. सगळ्यांनी वास घेऊन बघा, जोड हातानं फिरवून बघा. पोरगीही येते म्हणाली आहे. आजीलाही आणते म्हणाली.